निनवेचा तट आणि मांडूची कबर : नहूमाचे पुस्तक कसे वाचावे?

मित्रांनो, या वेळच्या अभ्यासासाठी आपण जुन्या करारातले एक लहानसे पुस्तक घेत आहोत. नहूमाचे पुस्तक. तीन अध्याय, सत्तेचाळीस वचने. सावकाश वाचले तरी पंधरा मिनिटांत संपते. पण वाचून झाल्यावर अनेकांना अवघडल्यासारखे होते. एका शहराचा नाश, त्यातले रथ, चाबूक, प्रेतांचे ढीग, आणि शेवटी सगळ्या जगाने टाळ्या पिटणे! हे देवाचे वचन म्हणून कसे वाचायचे? साहित्य म्हणून वाचायचे तरी कसे?

या प्रश्नाला बगल द्यायची नाही, असे ठरवूनच पुढे जाऊ. आपल्याला एक सोयही आहे. धामनोदहून उत्तरेकडे पाहिले की विंध्याची कड दिसते आणि त्याच कडेवर मांडू आहे. रूपमतीच्या मंडपातून खाली जे निमाडाचे मैदान दिसते, ते आपलेच. गर्विष्ठ तटबंदीचे शहर म्हणजे काय, हे समजायला आपल्याला इराकपर्यंत जायची गरज नाही. मात्र मांडू आणि निनवे यांची तुलना कुठपर्यंत करायची आणि कुठे थांबायची, हेही शिकले पाहिजे. या पाठाचा खरा मुद्दा तोच आहे.

१. निनवे कसे होते?

निनवे टायग्रिस नदीकाठी, आजच्या मोसुल शहरासमोर होते. इ.स.पू. 700 च्या सुमारास राजा सन्हेरीबाने ते अश्शूरी साम्राज्याची राजधानी केले. शहराभोवतीच्या तटाचा घेर सुमारे 12 किलोमीटर होता आणि त्याला पंधरा दरवाजे होते. डोंगरातून कालवे काढून पाणी आणले होते, बागा फुलवल्या होते. पुढे अशुरबनिपाल राजाने तिथे मातीच्या पाट्यांचे मोठे ग्रंथालय उभे केले. म्हणजे हे शहर अडाणी नव्हते. विद्या होती, कला होती, कारागिरी होती.

पण वैभव कुठून येत होते, तेही पाहा. इ.स.पू. 701 मध्ये सन्हेरीबाने यहूदातील लाखीश हे तटबंदीचे गाव जिंकले आणि त्या विजयाची चित्रे आपल्या राजवाड्याच्या भिंतींवर दगडात कोरून घेतली. सुळावर दिलेली माणसे, जिवंतपणी सोललेली माणसे, बैलगाडीवर बोचकी घालून हद्दपार होणाऱ्या बायका-मुली. ही चित्रे आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ती शत्रूने काढलेली नाहीत, हे लक्षात ठेवा. राजानेच हौसेने काढून घेतली आणि दिवाणखाना सजवला. दुसऱ्याचे दुःख ही ज्याच्या घरातली शोभा झाली, त्याचा गर्व किती पुढे गेला असेल!

इ.स.पू. 663 मध्ये अश्शूरी सैन्याने मिसरातले थेब्ज शहर लुटले. नहूम त्या शहराला नो-आमोन म्हणतो आणि त्याचा नाश झालेला आहे असे धरून बोलतो. निनवे स्वतः पडले इ.स.पू. 612 मध्ये. तेव्हा हे पुस्तक या दोन सालांच्या मधले, असे अभ्यासक मानतात.

२. आरोप नेमका कशाचा?

इथे घाई करू नका. पुष्कळदा आपण म्हणून टाकतो की निनवे मूर्तिपूजक होते म्हणून देवाने ते नष्ट केले. पुस्तक नीट वाचा. मूर्तींचा उल्लेख आहे, पण तिसऱ्या अध्यायात जेव्हा आरोप मोठ्याने उच्चारला जातो, तेव्हा तो रक्तपाताचा, खोटेपणाचा आणि लुटीचा आहे. शहराने राष्ट्रे विकली, कुळे विकली, असे संदेष्टा म्हणतो. व्यापारी आकाशातल्या ताऱ्यांहून जास्त झाले होते, पण टोळधाड उन्हात पंख पसरून उडून जावी तसे ते जातील, असेही म्हणतो. तट उंच असणे हा गुन्हा नाही. तो तट कोणाच्या हाडांवर उभा आहे, हा प्रश्न आहे.

आणि हे बोलतो कोण? यहूदा या लहानशा, खंडणी भरणाऱ्या राज्यातला एक माणूस. नहूम या नावाचा अर्थ ‘सांत्वन’. नाशाच्या पुस्तकाला सांत्वनाचे नाव! विचित्र वाटते, नाही का? पण ज्याच्या गावावरून रथ गेले, त्याच्या जागी उभे राहून वाचा. ‘हे कायमचे चालणार नाही, वर कोणीतरी बघतो आहे’ एवढे एक वाक्य त्याला जगायला पुरते. म्हणून नहूमाच्या रागाला आपण घाईघाईने नावे ठेवू नयेत. ज्याला कधी मार बसला नाही, त्याला मार खाणाऱ्याचे ओरडणे नेहमीच कर्कश वाटते.

३. भाषा कशी काम करते?

आपले मंडळ साहित्याचे आहे, तेव्हा शैलीकडेही पाहू. नहूम हा फार ताकदीचा कवी आहे. तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला तो क्रियापदे जवळजवळ टाकूनच देतो. चाबकाचा आवाज, चाकांचा खडखडाट, घोड्याची उडी, तलवारीची चमक. एकामागून एक नुसती नामे आदळतात. मोठ्याने वाचून पाहा, लढाईच्या मध्ये उभे असल्यासारखे होते.

त्याच्या उपमा रोजच्या जगण्यातल्या आहेत. निनवेचे किल्ले म्हणजे पहिल्या बहराच्या पिकल्या अंजिरांनी लगडलेली झाडे. नुसते हलवले की फळ थेट खाणाऱ्याच्या तोंडात. जगाला भिववणारे तट, आणि त्यांची तुलना कशाशी, तर पिकून गळायला आलेल्या फळाशी. आपल्याकडे जांभळाच्या झाडाखाली जो उभा राहिला आहे, त्याला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. दुसरी उपमा तळ्याची. निनवे पाण्याने भरलेल्या तळ्यासारखे होते, आता ते पाणी निघून चालले आहे, ‘थांबा’ म्हटले तरी कोणी मागे वळून बघत नाही. तिसरी उपमा सिंहाच्या गुहेची. अश्शूरी राजांना सिंहाच्या शिकारीचा फार अभिमान. त्यांच्या राजवाड्यातली सिंहाच्या शिकारीची शिल्पे जगप्रसिद्ध आहेत. नहूम विचारतो, ती सिंहाची गुहा आता कुठे गेली? शत्रूच्या अभिमानाचे चिन्हच तो उलटे करून हातात देतो.

आणखी एक जागा उपहासाची. वेढ्यासाठी पाणी भरून ठेवा, माती तुडवा, विटांची भट्टी पक्की करा, असे तो शहराला सांगतो. वरवर सल्ला, आतून टोमणा. एवढे सगळे केले तरी उपयोग नाही, असा त्याचा सूर. या टोमण्याला पुढे पुरावा मिळाला. निनवेच्या हल्झी नावाच्या दरवाजात उत्खनन झाले, तेव्हा दिसले की दरवाजाची वाट घाईघाईने अरुंद केलेली होती. आणि त्याच वाटेत माणसांचे सांगाडे पडल्या जागी सापडले. तीन महिन्यांच्या वेढ्यानंतर मेदी आणि बाबेली सैन्याने शहर घेतले. इ.स.पू. 401 मध्ये झेनोफन हा ग्रीक सेनानी आपल्या सैन्यासह तिथून गेला. त्याला उजाड तट दिसले, पण त्याच्या लिखाणात निनवे हे नावही नाही. दोनशे वर्षांत एवढे मोठे नाव पुसले गेले होते.

४. मांडूवरून काय समजते?

आता आपल्या डोंगरावर या. होशंगशाहाने पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला माळव्याची राजधानी धारहून मांडूला नेली. मांडूचे त्या काळातले नाव शादियाबाद, म्हणजे आनंदाचे नगर. तटाचा घेर सुमारे 40 किलोमीटर, निनवेच्या तिपटीहून जास्त. तीन बाजूंना खोल दरी. मग असा किल्ला पडावा कसा? पण तो पडला, आणि एकदा नव्हे.

1305 मध्ये अलाउद्दीन खिलजीचा सरदार ऐन-उल-मुल्क याला किल्ल्यात शिरायची चोरवाट कळली आणि परमारांचे मांडू संपले. 1531 मध्ये गुजरातचा बहादूरशाह तट चढून आत आला. गुजरातच्या जुन्या इतिहासात सांगितले आहे की त्याने मुद्दाम सगळ्यात उंच बाजू निवडली, कारण उंचीच्या भरवशावर तिथे पहारा ढिला होता. आणि गंमत बघा, चारच वर्षांनी, 1535 मध्ये, हाच बहादूरशाह मांडूत असताना हुमायूनचे सैनिक रात्री शिड्या आणि दोर लावून आत उतरले, त्यांनी दरवाजा उघडला आणि बहादूरशाहाला पळावे लागले. ज्या युक्तीने घेतले, त्याच युक्तीने गेले.

अंजिराची उपमा इथे नीट कळते. तट जिथे सगळ्यात उंच, तिथेच झोप सगळ्यात गाढ. गर्व म्हणजे नुसते मोठमोठे बोलणे नव्हे. ‘इथून कोणी येऊच शकत नाही’ असे वाटून पहारा सोडणे, हाच गर्व.

मांडूत जामी मशिदीसमोर अशर्फी महाल आहे. तिथे महमूद खिलजीने मेवाडवरच्या विजयासाठी सात मजली मनोरा बांधला होता. आज त्याचा फक्त पाया उरला आहे. तिकडे चितोडला राणा कुंभाने विजयस्तंभ उभारला, तो कशासाठी? याच महमूद खिलजीवरच्या विजयासाठी! म्हणजे दोन राजे एकमेकांशी लढले आणि दोघांनीही आपणच जिंकलो म्हणून मनोरे बांधले. दगड बोलतो तेव्हा तो मालकाचेच बोलतो. म्हणून तर संदेष्टा लागतो.

५. जहांगीराची लाथ

इथपर्यंत तुलना सोपी आहे. आता धोक्याची जागा येते.

1617 मध्ये मोगल बादशाह जहांगीर काही महिने मांडूला राहिला. तिथे खिलजी सुलतानांच्या कबरी आहेत. त्यांतली एक नासिरुद्दीनची. त्याने आपल्या म्हाताऱ्या बापाला, गियासुद्दीनला, विष देऊन मारले असे सांगत. जहांगीराने स्वतःच्या आठवणीत लिहून ठेवले आहे की त्या कबरीपाशी गेल्यावर त्याने तिला लाथ मारली आणि नोकरांनाही मारायला लावली. तेवढ्याने मन भरले नाही म्हणून कबर उकरायला सांगितली. आधी हाडे जाळायचा विचार होता, मग आगीसारखी पवित्र वस्तू विटाळायला नको म्हणून ती नर्मदेत टाकायला लावली. आपल्या खलघाटाजवळून वाहते, तीच नर्मदा.

बापाचा घात करणे हे पाप आहे, यात वादच नाही. पण लाथ मारणारा कोण होता? शाहजादा सलीम असताना याच जहांगीराने आपल्या बापाविरुद्ध, अकबराविरुद्ध, अलाहाबादेत बंड केले होते. आणि बादशाह झाल्यावर स्वतःच्या मुलाने, खुसरूने, बंड केले तेव्हा त्याला आंधळे करण्याची शिक्षा दिली होती. मेलेल्याच्या पापावर लाथ मारणे सोपे होते. तोच आरसा स्वतःच्या तोंडासमोर धरणे त्याला जमले नाही.

मित्रांनो, नहूमाचे पुस्तक हातात घेऊन आपणही हेच करू शकतो. मांडूला सहलीला जायचे, पडक्या महालांकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, ‘बघा, देवाने कसा न्याय केला त्यांचा!’ ‘त्यांचा’ म्हणजे कोणाचा, हे ज्याच्या त्याच्या मनात असते. आजच्या दिवसांत हे बोलणे किती सहज होते आणि त्याने शेजारी-शेजारी कसे दुरावतात, हे धार जिल्ह्यात राहणाऱ्यांना मी वेगळे सांगायला नको.

मांडूबद्दल कोणत्याही संदेष्ट्याने काही सांगितलेले नाही. मांडू जळून एका रात्रीत संपलेही नाही. राज्य मोगलांकडे गेले, राजधानी राहिली नाही, माणसे हळूहळू दुसरीकडे गेली. आजही तिथे गाव आहे, शेते आहेत, भिल्ल कुटुंबे आहेत, गोरखचिंचेची जुनी झाडे आहेत. तटांवरून आपल्याला गर्वाचा धडा घेता येतो. देवाचा निकाल मात्र त्या दगडांवर आपण लिहू नये.

६. तीन कसोट्या

मग न्यायाची भविष्यवाणी वाचायची कशी? पवित्र शास्त्रातच तीन कसोट्या मिळतात.

पहिली कसोटी योनाची. तेच निनवे, पण वेगळे पुस्तक. तिथे शहर पश्चात्ताप करते आणि देव क्षमा करतो. रुसून बसतो तो संदेष्टा! देव त्याला विचारतो की ज्यांना उजवे-डावे कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसे तिथे आहेत, शिवाय गुरेढोरे, मग मी त्यांची कीव करू नये काय? नहूमही प्रश्नाने संपतो आणि योनाही. नहूम विचारतो, तुझ्या दुष्टपणाचा त्रास कोणाला झाला नाही? योनात देव विचारतो, मला दया येऊ नये काय? हे दोन्ही प्रश्न एकाच बायबलमध्ये आहेत आणि एकाने दुसरा खोडला जात नाही. मोसुलमध्ये निनवेच्या टेकाडावर शतकानुशतके योनाच्या नावाची दर्गा-मशीद होती. 2014 मध्ये अतिरेक्यांनी ती उडवून दिली. दयेची आठवण कोणाला खुपते, हेही त्यातून दिसते.

दुसरी कसोटी मीखाची. परक्या शहरावर न्याय सांगणे सोपे. मीखाने तोच न्याय आपल्या यरुशलेमावर सांगितला. सियोन शेतासारखी नांगरली जाईल, असे तो म्हणाला. कारण काय, तर तिथले पुढारी लाच घेऊन न्याय करत, याजक पैसे घेऊन शिकवत, आणि वर म्हणत की परमेश्वर आमच्यात आहे, आमचे वाईट होणारच नाही. देवाचे मंदिर हाच त्यांचा तट झाला होता. सुमारे शंभर वर्षांनी यिर्मयाला ठार मारायची वेळ आली, तेव्हा काही वडीलधाऱ्यांनी मीखाचे हे शब्द आठवून दिले आणि यिर्मयाच्या बाजूने बोलले. जो आपल्या गावावर हे शब्द उच्चारत नाही, त्याला ते शेजाऱ्याच्या गावावर उच्चारायचा अधिकार नाही.

तिसरी कसोटी प्रभू येशूची. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख आहे. ती माणसे जास्त पापी होती का? येशू स्पष्ट ‘नाही’ म्हणतो आणि ऐकणाऱ्यांनाच पश्चात्ताप करायला सांगतो. पुढे एकोणिसाव्या अध्यायात तो यरुशलेमाचा नाश सांगतो, पण कसा? शहराकडे पाहून रडत. ज्याला रडू येत नाही त्याने न्यायाची भविष्यवाणी मोठ्याने वाचूच नये, असे मला वाटते.

७. आपले तट

मीखाची कसोटी आपल्याला लावायची, तर मराठी ख्रिस्ती वाचकाला फार दूर जावे लागत नाही. ज्या बहादूरशाहाने मांडू घेतले आणि घालवले, त्यानेच 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली. पोर्तुगीजांनी तिथे भक्कम तट बांधला, आत देवळे आणि मठ उभे केले. क्रूस होता, उपासना होती, तरी श्रीमंती आणि मिजासही होती. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी तटाला सुरुंग लावून ती वसई घेतली. हेच चिमाजी अप्पा 1728 मध्ये आपल्या धारजवळ अमझेऱ्याला लढले होते. आज वसईच्या किल्ल्यात छप्पर नसलेली देवळे उभी आहेत. तिथली एक घंटा नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आहे. आणि ज्या पेशवाईने वसई घेतली, तिचा शनिवारवाडा 1828 मध्ये जळाला. आता सांगा, यातल्या कोणत्या पडझडीला देवाचा न्याय म्हणायचे आणि कोणत्या नाही? बोट कुणाकडे वळते, यावर आपले उत्तर ठरत असेल, तर आपण नहूम वाचत नाही, जहांगीराची लाथ मारत आहोत.

दगडी तट आता कोणी बांधत नाही. पण ‘आम्ही पवारांबरोबर इकडे आलेलो, जुने घराणे’ असे म्हणून निमाडी बोलणाऱ्या शेजाऱ्याला कमी लेखणे, हा तटच आहे. मंडळीत एकाच भाकरीचे तुकडे घ्यायचे आणि लग्न ठरवताना आधीची जात विचारायची, हाही तटच. डोंगरातल्या पाड्यावरून आलेल्या मुलाला वर्गात त्याच्या उच्चारावरून हसायचे, हा त्याच तटाचा एक बुरूज. आत बसणाऱ्याला हे दिसत नाही. बाहेर उभे राहणाऱ्याला रोज दिसते.

म्हणून नहूम उघडण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारा. मी तटाच्या आत आहे की बाहेर? बाहेर असाल, चिरडले गेला असाल, तर हे पुस्तक तुमच्यासाठी खरेच सांत्वन आहे. देवाने पाहिले आहे, त्याचा हिशेब तो ठेवतो, सूड तुमच्या हातात घेण्याची गरज नाही. आत असाल, तर हे पुस्तक इशारा आहे. आणि आपल्यापैकी बहुतेक जण एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर असतात. त्यामुळे ते दोनदा वाचावे लागते. एकदा डोळे पुसायला, एकदा वेशीचा दरवाजा आतून उघडायला.

चर्चेसाठी प्रश्न

(१) नहूम आणि योना ही दोन पुस्तके लागोपाठ वाचा. दोन्ही शेवटच्या प्रश्नांना तुमचे उत्तर एकाच परिच्छेदात लिहिता येते का?

(२) अंजीर, तळे, सिंहाची गुहा आणि टोळ या चार उपमांपैकी कोणती तुम्हाला सर्वांत परिणामकारक वाटते? तिच्या जागी माळवा-निमाडातली कोणती उपमा चालेल?

(३) जहांगीराने नासिरुद्दीनच्या कबरीशी जे केले, त्यात न्याय किती आणि स्वतःला विसरणे किती?

(४) आपल्या मंडळात, वसतिगृहात किंवा मंडळीत असा कोणता तट आहे, जो आतल्यांना दिसत नाही? नावे न घेता लिहा.